एकोणीस हरभरे आणि एक डाळ

आक्का, काल तुमचा तेरावा झाला आणि आज पहाटे मी तलावावर गेले. बरोबर शोभा होती. "एकल्या जाऊ नका काकू, गुडघा नवा हाय तुमचा," असं म्हणून तुमच्या सुनेनं माझा हात धरला, तो बांधावर पोहोचेपर्यंत सोडला नाही. बांधावरच्या आपल्या दोन दगडांपैकी मी माझ्या दगडावर बसले. शोभाला म्हटलं, बस की. तिनं तुमच्या दगडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "मी हुबीच बरी." पुढचा तासभर ती उभीच राहिली.

ईशान आणि मही कॅनडातून सारखं म्हणतायत, आजी, मोठ्या आजीबद्दल काहीतरी लिहून पाठव. मी दोनदा लिहायला बसले. 'सोजरबाई यांचा जन्म औराद तालुक्यातल्या एका खेड्यात झाला' असं सुरू केलं आणि दोन्ही वेळा कागद बाजूला ठेवला. तुमचं जन्मवर्ष तर तुम्हालाच माहीत नव्हतं. विचारलं की "मोठ्या दुष्काळाच्या अगुदर" म्हणायचात, आणि तो दुष्काळ कोणता हे दर वेळी बदलायचं. म्हणून ठरवलं की तुमच्याबद्दल लिहायचं नाही, तुम्हालाच लिहायचं. मुलं वाचतील. त्यांना कळावं म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही मधे मधे सांगेन, तेवढं चालवून घ्या. आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. ती मुलांच्या समक्षच सांगायला हवी, कारण त्यांच्यापर्यंतही ती खोटी पोहोचली आहे.

आपण दोघी जावा. चाळीस वर्षं जावा होतो, पण ओळख फारशी नव्हती. तुम्ही थोरल्या, गावात राहून शेत सांभाळलंत. मी धाकटी, बीदरला कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले. येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, आम्ही सगळे गावी यायचो, शेतात बसून तुमच्या हातची भज्जी आणि आंबील खायचो आणि संध्याकाळच्या बसनं परत जायचो. तुम्ही मला 'मास्तरीण' म्हणायचात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचा अंदाज मला पुष्कळ वर्षं आला नाही.

हे गेले त्या हिवाळ्यात तुमचा फोन आला. फोन तुमच्या लेकानं, बालाजीनं लावून दिला होता, तुम्ही मात्र पलीकडच्या काठावरल्या माणसाला हाक मारावी तसं बोलत होतात. "इकडं ये. तिथं भिंती बघत कामून बसायलीस? इथं बघायला तलाव तरी हाय." मी आठ दिवसांसाठी आले. ह्यांची दुर्बीण बरोबर घेतली होती आणि एक नवी कोरी वही. वहीत घरूनच रकाने आखून आणले होते. तारीख, वेळ, पक्षी, संख्या, शेरा, निरीक्षक. नवरा गेल्यावर माणसानं काय करावं हे मला समजत नव्हतं, पण रकाने आखता येत होते.

पहिल्या सकाळी तुम्ही मला दगडावर बसवलंत आणि स्वतः बसलात. माघातली थंडी होती. तलावावर धुकं होतं आणि मागं आपल्या शेतातला हरभरा घाट्यांनी भरला होता. मी दुर्बीण डोळ्यांना लावली.

"काय दिसायलंय?" तुम्ही विचारलंत.

"पट्टकदंब. रानहंसाची जात. डोक्यावर दोन काळे पट्टे आहेत. काय सुंदर आहे हो!"

"एकच?"

"एका वेळी एकच दिसतो, आक्का. पण अगदी जवळ."

"मग बाकीची कुठं जात्यात? ठिव ते नळकांडं खाली. शेंबड्या पोराला बी दिसायलाय थवा."

मी दुर्बीण खाली घेतली तेव्हा डोक्यावरून ते येत होते. रात्रभर रानात चरून पाण्यावर परतणारे, एकामागून एक रांगा धरलेले, घशातून तो हलका आवाज काढत. मी पुस्तकात वाचलेलं तुम्हाला सांगितलं, की हे हिमालयाच्या पलीकडून येतात, सगळ्यात उंच डोंगर ओलांडून.

"आन् एवढ्या लांबून आमच्या हरभऱ्यावर?" तुम्ही म्हणालात. "पाव्हणेच म्हणायचे मग. पर पाव्हण्यानं बी ताटात हाय तेवढंच खावं."

त्यांच्यासाठी तुम्ही तेलाचा एक रिकामा डबा ठेवला होता. दिवस कलला की काठच्या रानात जाऊन काठीनं तो बडवायचा. दगड मारायचा नाही, फटाका लावायचा नाही, बालाजीला तशी सक्त ताकीद होती. "उठवायचं, भिववायचं न्हाई," हा तुमचा नियम. पुढं तलाव पक्ष्यांसाठी राखीव झाला, बांधावर कन्नडमध्ये पाटी लागली. ती मी तुम्हाला वाचून दाखवली तेव्हा तुम्ही म्हणालात, "हे तर मी आधीपासूनच करायलाव. मला पाटी कोण लावली?"

मोजायचं काम तुमच्याकडं गेलं ते माझ्या डोळ्यांमुळं. उडता थवा माझ्या नजरेत ठरत नव्हता, मोजता मोजता ओळी एकमेकांत मिसळायच्या. तुमचं मोजणं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. डाव्या मुठीत हरभरे. थवा डोक्यावरून गेला की एक हरभरा मुठीतून निसटून ओटीत पडायचा, मग दुसरा, मग तिसरा. तोंडानं एक आकडा नाही. मी विचारलं, "तोंडानं का मोजत नाही?"

"जित्या जिवाला मोजू न्हाई. पोरं, जनावरं, पाखरं. दृष्ट लागती. मी पाखरं कुठं मोजायलाव? मी हरभरे मोजायलाव."

आणि मोजून झालं, मी ओटीतले दाणे पाहून वहीत आकडा लिहिला, की तुम्ही ते सगळे दाणे काठावर फेकून द्यायचात. मोजलेलं घरात न्यायचं नाही. ज्याचं त्याला परत. मला हे फार आवडलं होतं. वहीच्या शेऱ्यात मी ते लिहिलंही.

त्या आठ दिवसांचे पुढं पंधरा झाले, मग महिना. दरवर्षी येळवस झाली की तुमचा फोन यायचा. नाव नाही, गाव नाही, खुशाली नाही. "आल्यात बघ." एवढं बोलून तुम्ही फोन बालाजीच्या हातात द्यायचात. मी पिशवी भरायला घ्यायची. ह्यांच्या मागं माझ्या वर्षाला जो काही आकार राहिला, तो त्या दोन शब्दांनी दिला. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही हसला असतात.

मुलांना एक सकाळ सांगते. काठाशी एक जोडी चरत होती, चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके. मी म्हटलं, "ह्याला हळदीकुंकू बदक म्हणतात."

"मादी हाय व्हय?"

"दोघांनाही असतं ते. नराला पण."

तुम्ही बराच वेळ बघत बसलात. मग म्हणालात, "नराला बी हळदीकुंकू. आन् आपण दोघी काय पाप केलाव गं?" आणि असं काही हसलात की जोडी उडून गेली. मी पण हसले. हे गेल्यावर मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले ते तुमच्या बांधावर, सकाळी साडेसातला. वहीत वेळ आहे.

आता ती गोष्ट.

पहिल्या हिवाळ्यात तुमच्या ओटीत एकोणीस हरभरे पडले. मी पट्टकदंबापुढं एकशे नव्वद लिहिलं. दुसऱ्या हिवाळ्यात अठरा पडले, मी एकशे ऐंशी लिहिलं. त्याच सुमारास तलावाचा राखणदार बोलता बोलता म्हणाला, "पूर्वी चारशेच्या घरात असायचे, अम्मा." मी वही उघडून पाहिली. चारशेचे एकशे ऐंशी. माझं डोकं चालू लागलं. काय बदललं असेल? आणि उत्तर मला समोरच दिसलं, तुमच्या हातात.

"आक्का, पक्षी निम्म्याहून कमी झालेत," मी म्हटलं. "तुमच्या डब्यामुळं."

"माझ्या डब्यामुळं?"

"मग दुसरं काय कारण? दरवर्षी बडवून बडवून हाकलता तुम्ही त्यांना. ते दुसरा तलाव शोधणारच."

तुम्ही डब्याकडं पाहिलंत. म्हणालात, "मी तर जलमभर बडवायलाव." मी वही दाखवली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी तुम्ही आकड्यांवरून बोट फिरवलंत.

तिसऱ्या वर्षी मी आले तेव्हा डबा गोठ्यात आडवा पडला होता आणि त्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. काठचा हरभऱ्याचा पट्टा पाखरांनी साफ केला होता. चुलीपुढं बालाजी तुमच्याशी वाद घालत होता आणि मी बाहेर ओसरीवर बुटांची नाडी बांधत ऐकत होते.

"आई, सगळा काठ गेलाय. आन् तू बसलीस बांधावर दाणे टाकत."

"गेला तर जाऊ दे. पाखरं कमी झाल्यात म्हणायलीय ती."

"ती म्हणायलीय म्हून?"

"शिकलेली हाय ती."

तेव्हा मला बरं वाटलं होतं, आक्का. खरं सांगते, छाती थोडी फुगली होती. आज ते तीन शब्द आठवले की मान वर करवत नाही.

त्या वर्षीही ओटीत एकोणीसच पडले. डबा बंद होऊनही पक्षी वाढले नाहीत, म्हणून मी शेऱ्यात लिहिलं, 'सवय मोडायला वेळ लागेल.' सवय पाखरांची की तुमची, ते लिहिलं नाही.

चौथ्या हिवाळ्यात ती सकाळ आली. वारा अजिबात नव्हता. सगळा थवा पाण्यावर उतरून मेंढरांसारखा एके ठिकाणी बसला होता. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, सगळं स्वच्छ दिसत होतं. मला हौस आली, आज आपण स्वतः मोजू. दुर्बिणीतून एक एक करत मोजलं. पाऊण तास लागला. पुन्हा मोजलं. मग तुम्हाला विचारलं.

"आक्का, तुमच्या ओटीत किती पडले?"

"धा न् नऊ."

"एकोणीस. म्हणजे एकशे नव्वद. पण मला तीनशे ऐंशी दिसतायत. दोनदा मोजले."

"एकशे नव्वद कुठून काढलीस?"

"एका हरभऱ्याला दहा. एकोणीस दाहे..."

"धा कोण म्हणालं तुला?"

कोणीच म्हटलं नव्हतं. चार हिवाळ्यांत मी विचारलंच नव्हतं.

"ईस!" तुम्ही म्हणालात. "एका दाण्याला ईस पाखरं. ईसनंच मोजत्यात की. गवऱ्या मोजाव, पेंढ्या मोजाव, एक ईस, दोन इसा, तीन इसा. धानं कोण मोजतंय? बोटं मोजायलीस का?"

वही माझ्या मांडीवर उघडी होती. मी मागची पानं उलटली आणि म्हणाले, "काहीतरी घोटाळा झालाय, आक्का." घोटाळा कुणी केला, ते म्हटलं नाही.

तुम्ही भडकाल असं मला वाटलं. भडकायला हवं होतं. दोन वर्षांचा काठचा हरभरा, लेकाची बोलणी, आणि जलमभर सांभाळलेल्या पाखरांना तुम्हीच हाकलून लावलंत हा माझा आरोप, एवढं सगळं तुमच्या पदरात होतं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, पाण्याकडं पाहिलंत आणि उठून उभ्या राहिलात.

"मग हायेत की!" तुम्ही म्हणालात. "हायेत म्हण की सगळी! एक बी कमी न्हाई?"

"नाही. कधीच नव्हतं."

"आगं बया. आन् मी दोन साल झोपेतून उठून बसायलाव, कुठं गेली असतील म्हून."

हे मला तेव्हा कळलं. की तुम्ही उठून बसत होतात.

घरी जाऊन तुम्ही आधी कोंबडीला अंड्यांसकट टोपलीत बसवलंत आणि डबा मोकळा केलात. त्या संध्याकाळी तो असा बडवलात की शेजारच्या रानातली माणसं पळत आली, काय झालं म्हणून. तुम्ही म्हणालात, "काही न्हाई. पाव्हण्यांना सांगायलाव, मी हाय म्हून."

मी माफी मागितली नाही. उद्या मागू म्हटलं. मग तुम्ही इतक्या खुशीत होतात की आता कशाला, असं वाटलं. मग वर्ष गेलं. तुम्ही एकदाही तो विषय काढला नाहीत, आणि न काढल्याबद्दल मी मनातल्या मनात तुमचे आभार मानत राहिले. इंग्रजीच्या तासाला मी आयुष्यभर मुलींना सांगितलं, चूक झाली की स्वतःच्या हातानं लाल शाईनं खूण करा, खोडू नका, लपवू नका. माझ्या वहीतले पहिल्या तीन वर्षांचे आकडे मात्र तसेच राहिले. चौथ्या वर्षापासून खरे आकडे लिहिले आणि मागं वळून पाहिलं नाही. त्यामुळं वही वाचणाऱ्याला वाटेल की एका वर्षात पाखरं दुप्पट झाली. ईशानला तसंच वाटलं. त्यानं शाळेसाठी त्याचा तक्ता केला, एकदम वर चढणारी रेघ काढली, वर्गासमोर उभा राहून सांगितलं की आमच्या गावच्या तलावात पक्षी परत आले. त्याला तारा मिळाला. मी फोनवर शाबासकी दिली. ईशान, ती रेघ खोटी आहे बेटा. पक्षी परत आले नव्हते, कारण ते कुठं गेलेच नव्हते.

पाचव्या हिवाळ्यात तुम्ही मोजण्यात एक सुधारणा केलीत. थवा नेमका विसाच्या हिशोबात बसत नाही, शेवटी पाच-दहा उरतात, अशी माझी तक्रार होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही पदराच्या गाठीतून हरभऱ्याच्या डाळीचे चार दाणे काढलेत. "हे बघ. आख्खा हरभरा म्हंजे ईस. डाळ म्हंजे निम्मं. तुझा धा बी राहू दे त्यात, उगं रुसाया नको." इतकी नेमकी, इतकी सोपी युक्ती मला सुचली नव्हती.

त्याच आठवड्यात तुम्ही वहीच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलंत.

"हे रोज एकच काय लिव्हतीस?"

"माझं नाव. निरीक्षक."

"म्हंजे?"

"पाहणारा. नोंद करणारा."

"मोजायलंय कोण?"

"तुम्ही."

"मग?"

मी म्हटलं, "आक्का, निरीक्षक म्हणजे जो वही ठेवतो तो. तशी पद्धत असते."

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि पिशवीतून चहाचा थर्मास काढून आधी माझा पेला भरलात. त्या 'बरं'वर मी दोन वर्षं विचार करतेय. अशी काही पद्धत नसते. रकाने मीच आखले होते.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मला येता आलं नाही. तुमचा फोन आला, "आल्यात बघ." मी सांगितलं, यंदा नाही जमणार, पण मोजून ठेवा. पंधरा दिवसांनी मीच फोन केला. "किती झाले?"

"मोजून ठिवलाव."

"हो, पण किती? मला वहीत लिहायचंय."

"फोनवर सांगू न्हाई. ये, मग देते."

"आक्का, रकाना रिकामा राहतोय."

"राहू दे की. पळून जायलाय का रकाना?"

मी चिडले. खरंच चिडले. एवढ्याशा आकड्यासाठी अडून बसायचं कशाला, असं वाटलं. यंदा येळवसेनंतर पुन्हा फोन आला. "आल्यात बघ. औंदा तरी येतीस का?" मी म्हटलं, संक्रांत होऊ दे, डॉक्टरांना एकदा गुडघा दाखवते, मग येते. तुम्ही म्हणालात, "पाखरं तुझ्या तारखंला थांबत न्हाईत, मास्तरीण."

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही चुलीपुढं बसल्या बसल्या गेलात. बालाजीचा फोन आला तेव्हा मी सवयीनं पिशवी भरायला घेतली आणि सगळ्यात आधी वही ठेवली. मग लक्षात आलं, मी कशासाठी निघालेय. वही काढून ठेवावी असं वाटलं. काढली नाही.

काल सगळे पाहुणे गेल्यावर शोभानं देव्हाऱ्यामागून एक गठुडं काढून माझ्यापुढं ठेवलं. जुन्या खणाचं, घट्ट बांधलेलं. "आत्यानी सांगून ठिवलंय, काकू आल्या की त्यांच्याच हातात द्यायचं."

गाठ सुटेना. दातांनी सोडवली. आत हरभरे होते.

"गेल्या सालचे हायेत," शोभा म्हणाली. "तवापासून इथंच हायेत. मी म्हटलं, आत्या, मोजलेलं घरात ठिवत न्हाईत म्हणतावसा तुम्हीच, मग हे कामून? तर म्हणाल्या, ती आल्याबिगर कुठं टाकू? तिला बघायचं असतंय." शोभानं पदर तोंडाला लावला, पण ती हसत होती. "आन् भ्या तर वाटायचं त्यांना. पाखरांना दृष्ट लागंल म्हून. दर अमावस्येला मीठ-मोहऱ्या घेऊन ह्या गठुड्याची दृष्ट काढायच्या. बारा अमावस्या, काकू. मला म्हणायच्या, सांगू नको तिला, हसंल मला."

मी हसले नाही, आक्का. मी दाणे मोजले. एकोणीस अख्खे होते. खणाच्या घडीत आणखी एक काहीतरी अडकलं होतं. शोभा म्हणाली, "डाळ दिसतीय, उगं पडली असंल." उगं पडलेली नव्हती. एकोणीस इसा आणि वर निम्मं. तीनशे नव्वद.

म्हणून आज तलावावर आले. वही दगडावर ठेवली आणि आधी पहिलं पान उघडलं. लाल शाईचं पेन बरोबर आणलं होतं. तीन वर्षांच्या तीन आकड्यांवर आडवी रेघ मारली आणि शेजारी खरे आकडे लिहिले. तीनशे ऐंशी, तीनशे साठ, तीनशे ऐंशी. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'एका दाण्याला वीस पक्षी होते. मी न विचारता दहा धरले. पक्षी कमी झाले नव्हते. सोजरबाईंच्या डब्यानं एकही पक्षी गेला नाही. चूक माझी.' मग प्रत्येक पानावर निरीक्षकाच्या रकान्यात माझ्या नावाच्या आधी तुमचं नाव घातलं. जागा कमी होती, अक्षर बारीक करावं लागलं. गेल्या वर्षीच्या रिकाम्या ओळीत तीनशे नव्वद लिहिलं, आणि तिथं फक्त तुमचंच नाव आहे.

शोभा वाकून बघत होती. तिला वाचता येतं. "आत्याचं नाव?" ती म्हणाली.

"मोजलं कुणी?" मी विचारलं.

तेवढ्यात रानाकडून आवाज आला. ते येत होते. मी डाव्या मुठीत हरभरे घेतले होते, शोभानं घरातून आणलेले, नवे. तुमच्यासारखे सोडायला गेले तर दोन-दोन पडू लागले. मी विसावर लक्ष ठेवू की बोटावर? चौथ्या रांगेला गोंधळले, शोभा फिसकन हसली आणि मी पण. यंदाचा आकडा उद्यावर गेला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, शिकलेली हाय ती.

सगळे पाण्यावर बसल्यावर मी तुमचं गठुडं घेऊन काठाला उतरले. शोभानं परत हात धरला. मोजलेलं घरात राहिलं होतं, वर्षभर, माझ्यामुळं. एकोणीस हरभरे आणि एक डाळ, सगळे चिखलात टाकले. खण तेवढा ठेवून घेतला. एक टिटवी ओरडत उठली आणि पुन्हा तिथंच बसली. मग काठाच्या जवळचे दोन पट्टकदंब मान लांब करत, जरा थांबत, चालत आले.

हायेत, आक्का. सगळी हायेत.